परकोटाच्या पायथ्याशी साडेचार फूट : पवनीतील एका घराच्या पायाचे प्रकरण

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे तालुक्याचे गाव आहे. धान, कोसा आणि नदीकाठची देवळे ही त्याची ओळख असून जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘विदर्भाची काशी’ हे नाव असते. मात्र गावात शिरताना सर्वांत आधी लक्ष वेधून घेतो तो परकोट. तीन बाजूंनी मातीचा उंच बांध, त्याच्या बाहेरून खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी या वस्तीची मूळ आखणी आहे. परकोटावरचे दगडी बांधकाम आणि दरवाजा नंतरच्या काळातला असला, तरी खालची माती फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्ग बांधण्याची जी रीत सांगितली आहे, तिच्यात खंदकातून निघालेल्या मातीचाच वप्र, म्हणजे तटाचा बांध, घालावा आणि तो हत्ती व बैल फिरवून धुमसून घ्यावा असे म्हटले आहे. पवनीतल्या खंदकाच्या कडेला उभे राहिले म्हणजे त्या वाक्याचा अर्थ डोळ्यांना कळतो, कारण समोर दिसणारा खड्डा आणि मागचा उंचवटा ही एकाच मातीची दोन रूपे आहेत.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली सुमारे ३८ मीटर व्यासाचा स्तूप निघाला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटरच्या आसपास आहे, एवढे सांगितले तरी पवनीच्या स्तूपाचा आवाका ध्यानात येईल. त्याच्याभोवतीच्या दगडी वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या, स्तंभांवर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूचींवर ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत, आणि मुचलिंद नागाचे ते प्रसिद्ध शिल्पही याच वेदिकेचे आहे. त्यात बुद्धाची मूर्ती नाही. बुद्धाच्या जागी रिकामे आसन आहे, त्यावर नागाने फणा धरला आहे आणि जवळ त्या नागाचे नाव कोरले आहे. पवनीतूनच महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, आणि भार वंशाच्या भगदत्त राजाचा लेखही मिळाला. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांच्या मार्गदर्शनाखाली येथे पुन्हा उत्खनन झाले. जवळच कुही तालुक्यात अडम आहे. तेथेही तटबंदी आणि खंदक आहे, आणि ‘अस्सक जनपद’ असा एका प्राचीन राज्याचा उल्लेख असलेली मातीची मुद्रा तेथे मिळाली आहे. म्हणजे खंदकाने वेढलेल्या वस्त्यांचा हा सगळा मुलूखच होता.

पवनीतील स्तूपांच्या टेकड्यांची नावे जगन्नाथ, सुलेमान आणि हरदोलाला अशी आहेत. यांपैकी एकाही नावात बुद्ध नाही. माथ्यावर जे दिसले आणि ज्याला नमस्कार घडला, त्यावरून लोकांनी नावे दिली आणि पोटात काय आहे ते टेकड्यांनी सांभाळले. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे सांगितलेल्या प्रकरणातही तसेच घडले : जे हाती लागले त्यावर सर्वांचे लक्ष खिळले आणि ज्या जागेवर ते होते ती जागा जवळजवळ निसटली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर तेराच वर्षांनी पवनीत स्तूप उघडा झाला. येथील बौद्ध कुटुंबांना तो केवळ जुन्या काळचा अवशेष वाटत नाही. त्यामुळे पवनीत निघालेला प्रत्येक कोरीव दगड हा एकाच वेळी अभ्यासाचा, श्रद्धेचा आणि हक्काचा विषय असतो.

घर आणि कुटुंब

या प्रकरणातील घर परकोटाच्या आतल्या बाजूस, उताराच्या अगदी पायथ्याशी आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरात एक वृद्ध माय, तिचे दोन मुलगे, सुना आणि शिकता पुतण्या अशी माणसे राहतात. पुढे ओसरी आणि एक पक्की खोली, मागे मातीच्या भिंतींची मोठी खोली. आदल्या पावसाळ्यात या मागच्या खोलीची परकोटाकडची भिंत बसली. मोठ्या मुलाने वर्षभर पैसे जमवून ती खोली पाडून त्याच जागी विटा-सिमेंटची बांधायचे ठरवले. मिस्त्री घरोब्यातलाच होता. पायासाठी साडेचार फूट खोल चर खणायचे, मृग लागण्याआधी जोते उचलायचे आणि पोळ्यापर्यंत छत टाकायचे, असा साधा हिशेब होता.

माझा संबंध एवढाच की मी प्राचीन भारतीय इतिहास शिकवतो, विद्यार्थी असताना काही उत्खननांवर राबलो आहे, आणि त्या पुतण्याला एक वर्ष शिकवले आहे.

काय सापडले

परकोटाकडच्या बाजूचा चर सुमारे साडेतीन फूट गेल्यावर टिकासाला विटा लागल्या. त्या आजच्या विटांसारख्या नव्हत्या. पुढे एक सुटी वीट मोजली, ती १६ इंच लांब, १० इंच रुंद आणि ३ इंच जाड भरली. विटा पसरलेल्या नव्हत्या, एका पातळीवर जुळवून बसवलेल्या होत्या आणि त्यांची रांग चराच्या भिंतीत शिरून परकोटाखाली जाताना दिसत होती. त्याच चरात, विटांच्या रांगेपासून दोन-अडीच फुटांवर, एक आडवा दगड निघाला. सुमारे दोन फूट लांब, एक टोक तुटलेले, एका अंगाला अर्ध्या कमळाच्या पाकळ्या आणि बाजूला डोळ्याच्या आकाराची खोल खोबण. वेदिकेच्या स्तंभात आडव्या सूची अडकवण्यासाठी अशीच खोबण केलेली असते. दगडावर एकही अक्षर नव्हते.

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला : “सर, दगड निघाला जी. कोरल्यावानी दिसते. माय म्हणते, देवाचा आहे.” मी नागपुरात होतो. रात्री वळवाचा पाऊस येईल असे दिसत होते. मी सांगितले की दगड चरात राहिला तर पाणी भरेल, कोणी उचलूनही नेईल, म्हणून तो काढून ओसरीवर ठेवा. हा या प्रकरणातला पहिला निर्णय. तो माझा होता आणि चुकीचा होता. तो का चुकीचा होता ते पुढे सविस्तर येईलच.

चौघांनी मिळून दगड वर काढला. मायने त्यावर घडाभर पाणी ओतले, नारळाच्या काथ्याने तो घासून स्वच्छ केला, हळद-कुंकू वाहिले आणि दिवा लावला. तिच्या मनात भक्तीखेरीज दुसरे काहीही नव्हते. मिस्त्रीने मात्र, कोणी न सांगता, दगड हलवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढले होते. पुढे या साऱ्या प्रकरणाचा आधार ठरले ते हेच चार फोटो.

पेच

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा ओसरीवर पंचवीसेक माणसे जमली होती आणि बोलणे सगळे दगडाबद्दल चालले होते. मी आधी मागे जाऊन चर पाहिला.

चराची परकोटाकडची उभी भिंत दोन फावड्यांच्या फटकाऱ्यांनी आपोआप सपाट झाली होती आणि तिच्यावर थर स्पष्ट दिसत होते. सर्वांत वर काळपट, राख आणि खापराची माती. तिच्याखाली पिवळसर चिकणमाती आणि मुरूम यांचे एकाआड एक पट्टे, घट्ट धुमसलेले आणि घराकडे उतरत येणारे : हा परकोटाचा पाय. त्याच्याही खाली त्या विटा. विटांची रांग खरोखरच परकोटाच्या धुमसलेल्या मातीखाली जात असेल, तर परकोट उठण्याआधी येथे विटांचे बांधकाम होते आणि त्यावर माती टाकून परकोट घातला गेला. पण विटा जर परकोटाच्या मातीला टेकून थांबत असतील, तर परकोट आधीचा आणि बांधकाम नंतरचे. वस्तीला खंदक आणि तट केव्हा आला, वस्ती वाढल्यावर की वस्ती बसतानाच, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्या चराच्या भिंतीत होता. शिवाय दगडाचा प्रश्न होता. वेदिकेचा तुकडा परकोटाच्या भरावात पडलेला असेल, तर परकोटाचा तो भाग वेदिका मोडल्यानंतर घातलेला किंवा दुरुस्त केलेला ठरला असता.

आणि दगड तर आता ओसरीवर होता, धुऊन पुसून स्वच्छ. त्याला चिकटलेली माती पिवळी होती की काळी, एवढे जरी कळले असते तरी तो कोणत्या थरातला हे सांगता आले असते. ती माती काथ्याबरोबर निघून मोरीतून वाहून गेली होती. चरातून काढलेली बाकीची माती मजुरांनी आदल्या दिवशीच बैलगाडीने नेऊन खंदकाच्या काठावर ओतली होती, कारण पवनीत खणलेली माती टाकण्याची जागा म्हणजे खंदक, हे कित्येक पिढ्यांचे ठरलेले आहे.

दुसऱ्या बाजूला कुटुंबाची अडचणही तितकीच खरी होती. मागची खोली पाडून झालेली, पाऊस तीन आठवड्यांवर, सात माणसे ओसरी आणि एका खोलीत, मजुरांचा रोज चालू. मोठा भाऊ मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाला, “सर, सरकारले सांगतलं तर घर होईन का माहं?” या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते.

समोर असलेले पर्याय

त्या दिवशी दुपारपर्यंत ओसरीवर जे पर्याय बोलले गेले, ते सगळे चांगल्या हेतूने बोलले गेले होते. म्हणून त्यांतला एकही मी येथे झटकून टाकत नाही.

शेजाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे होते की दगड परत चरात ठेवावा, वर काँक्रीट ओतावे आणि विषय मिटवावा. जमिनीतला दगड जमिनीत राहील, घरही होईल. या पर्यायात दगड कदाचित वाचला असता, पण विटांच्या रांगेतून पाया गेला असता आणि चराची ती भिंत कायमची झाकली गेली असती. कायद्याच्या दृष्टीनेही ते बरोबर नव्हते. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडवणाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो.

मायची इच्छा अशी होती की दगड अंगणातल्या कडुनिंबाखाली ओट्यावर बसवावा. दिवाबत्ती ती स्वतः करील. तिच्या लेखी जमिनीने दिलेली वस्तू घराने सांभाळायची असते. विदर्भातील किती तरी शिल्पे अशा ओट्यांवरच टिकली आहेत हे मी नाकारू शकत नाही, मात्र शेंदराच्या पुटांखाली त्यांतील कोरीव काम बुजून गेले हेही मी पाहिले आहे.

पुतण्या आणि त्याच्या मित्रांचे म्हणणे होते की कमळाचा हा दगड स्तूपाचा आहे, तेव्हा तो विहारात ठेवावा. पवनीतील महत्त्वाची शिल्पे आज पवनीच्या बाहेर आहेत, आणि ती पाहायला पवनीच्याच पोरांना भाडे खर्चून जावे लागते, ही त्यांची खंत रास्त होती. मला स्वतःला हा पर्याय सर्वांत जवळचा वाटला आणि म्हणूनच त्याला नाही म्हणणे सर्वांत अवघड गेले.

चौथा पर्याय लेखी कळवण्याचा. त्यात काम थांबणार हे नक्की होते. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र असते, प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही, आणि असलेल्या घराची डागडुजी करायची तरी परवानगी लागते. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतरची ही चौकट कुटुंबाला प्रथमच नीट कळत होती. ही खोली नवे बांधकाम ठरेल की जुन्या घराची दुरुस्ती, यावर सारे अवलंबून होते.

पाचवा पर्याय कोणी बोलले नाही, कारण तो फक्त माझ्या मनात होता. विटा परकोटाखाली जातात की त्याला टेकून थांबतात हे पाहायला फार तर दोन फूट माती काढावी लागली असती. खुरपे हातात होते, भिंत समोर होती, अर्ध्या तासाचे काम होते. मी त्या चरात दहा मिनिटे उकिडवा बसलो होतो आणि त्या दहा मिनिटांत मला जे वाटले ते कोणत्याही उत्खननावर काम केलेल्या माणसाला समजेल. पण परवानगीशिवाय, नोंदवह्यांशिवाय, नकाशाशिवाय काढलेली दोन फूट माती म्हणजे उत्तर मिळवण्याच्या नावाखाली पुरावा संपवणे. थर एकदाच उघडता येतो. मी खुरपे पिशवीत ठेवले.

घेतलेले निर्णय आणि केलेली कृती

त्यानंतरचा पहिला निर्णय कुटुंबाने घेतला आणि तो मोठ्या भावाचा नव्हे, मायचा होता. तिने विचारले की कळवले नाही आणि उद्या दुसऱ्या कोणी कळवले, तर लेकरावर काय येईल. मला माहीत होते ते मी सांगितले. ती म्हणाली, कळवा. अर्ज पुतण्याने हाताने लिहिला : दगड केव्हा, कोठे, किती खोलीवर सापडला, कोणी काढला, आता कोठे ठेवला आहे. तहसील कार्यालयात तो देऊन पोच घेतली आणि एक प्रत पुरातत्त्व खात्याला पाठवली.

उत्तर येईपर्यंत नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत जे केले ते बारीकसारीक वाटेल, पण माझ्या मते प्रकरणाचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

चराची जागा पक्की करणे हे पहिले काम. शेजारच्या पक्क्या घराच्या दोन कोपऱ्यांवर तांबड्या ऑइल पेंटने खुणा केल्या आणि त्या दोन खुणांपासून विटांच्या रांगेची दोन्ही टोके, तसेच दगड जेथून काढला ती जागा, टेपने मोजून वहीत उतरवली. दोन स्थिर खुणांपासूनची अंतरे लिहिलेली असली म्हणजे चर बुजला, घर बांधले, अंगण बदलले तरी ती जागा पुन्हा सापडते. दगडाची जागा मिस्त्रीच्या फोटोंवरून ठरवली. फोटोंत मोजपट्टी नव्हती, मात्र एका फोटोच्या कडेला घमेले आले होते. तेच घमेले मिस्त्रीकडे अजून होते. त्याचा व्यास मोजला आणि त्या मापाने दगड आणि विटांमधले अंतर, तसेच दगडाची खोली, बऱ्यापैकी काढता आली. त्याच फोटोत दगडाच्या खालची माती काळपट दिसत होती, पिवळी नव्हती. ही गोष्ट तेव्हा मी फक्त लिहून ठेवली.

पावसासाठी चरावर आडव्या बल्ल्या टाकून ताडपत्री बांधली आणि परकोटाकडून येणारे पाणी वळवायला वरच्या अंगाला छोटा पाट काढला. चराच्या भिंतीला हात लावला नाही.

खंदकाकाठी टाकलेली माती सांभाळण्याची कल्पना पुतण्याची. ढीग ताजा होता, ओळखू येत होता. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी दोन दिवस खपून ती माती धान चाळायच्या चाळणीने चाळली आणि खापरे, विटांचे तुकडे, हाडांचे तुकडे सहा पोत्यांत भरले. प्रत्येक पोत्यावर ‘थर माहीत नाही’ अशी चिठ्ठी लावली. या चिठ्ठीचे मला फार कौतुक वाटले. चाळताना एकाने खंदकाच्या गाळातूनही दोन खापरे उचलून आणली होती. ती वेगळी ठेवायला लावली, कारण खंदकात शतकानुशतके साचलेला गाळ हा स्वतःच एक दस्तऐवज आहे आणि त्यात घराची माती मिसळली तर दोन्हींचे वाचन बिघडते.

दगडाबाबत एकच केले. त्याला पुन्हा पाणी लावायचे नाही आणि शेंदूर लावायचा नाही, हे मायला समजावले. तिने ते लगेच मानले. दिवा दगडापासून हातभर दूर ठेवायचे तिने ठरवले.

दहाव्या दिवशी पुरातत्त्व खात्याचे दोन अधिकारी आले. त्यांनी ताडपत्री काढून चराची भिंत करणीने साफ केली, दोऱ्याची आडवी रेघ बांधून तिचे रेखाटन केले, फोटो घेतले, मातीचे नमुने घेतले. मोजमापांची वही त्यांनी पूर्ण वाचली आणि दोन ठिकाणी दुरुस्त केली. दगडाचा पंचनामा होऊन तो ताब्यात घेतला गेला आणि कुटुंबाला पावती मिळाली.

परिणाम

भिंत साफ झाल्यावर जे दिसले त्याने ओसरीवरच्या सगळ्या वादाचे वजन बदलले. दगड परकोटाच्या भरावातला नव्हता आणि विटांच्या बांधकामातलाही नव्हता. वरून खाली उतरलेला एक गोल खड्डा भिंतीत अर्धा कापला गेला होता, काळपट राखमातीने भरलेला. तो बहुधा जुने पेव असावे. धान्य साठवण्याचे काम संपल्यावर त्यात केरकचरा टाकून ते बुजवलेले दिसत होते, आणि दगड त्या भरावात पडलेला होता. म्हणजे वेदिकेचा हा तुकडा त्याच्या मूळ जागेपासून केव्हा तरी हलवून येथे आणलेला, कदाचित कोणाच्या घरी पाटा किंवा पायरी म्हणून वापरलेला आणि शेवटी पेव बुजवताना टाकलेला. मिस्त्रीच्या फोटोतील काळपट माती याच्याशी जुळत होती. दगडाची माती धुतली नसती तर हे निःसंशय सांगता आले असते. आता ते ‘बहुधा’ या शब्दासह सांगावे लागते, आणि तो ‘बहुधा’ माझ्यामुळे आला आहे.

ज्या विटांकडे कोणी पाहत नव्हते त्या मात्र बोलक्या ठरल्या. चरात उघड्या झालेल्या भागापुरते, विटांच्या वर परकोटाच्या धुमसलेल्या मातीचा निदान एक पट्टा आलेला दिसत होता. हा पट्टा परकोटाच्या मूळ बांधणीचा की नंतरच्या दुरुस्तीत खाली सरकलेल्या मातीचा, हे तेवढ्या रुंदीवरून ठरत नव्हते. अधिकाऱ्यांनीही तेथेच थांबायचे ठरवले. विटांच्या मापावरून काळ सांगण्याचा मोह त्यांनी टाळला, कारण मोठ्या विटा जुन्या बांधकामातून काढून पुढच्या लोकांनी वापरल्याची उदाहरणे पवनीसारख्या सलग नांदत्या गावात असणारच.

घराचे काय झाले हे सांगायला हवे. अर्ज, मोजणी आणि परवानगी यांत पावसाळा गेला. सात माणसांनी तो ओसरीवर आणि एका खोलीत काढला. धाकट्या सुनेला त्या काळात माहेरी जाऊन राहावे लागले. शेवटी जुन्या घराची दुरुस्ती म्हणून परवानगी मिळाली, पण परकोटाच्या बाजूने सहा फूट जागा सोडून. मागची खोली त्यामुळे लहान झाली. खोल पायाऐवजी उथळ जोते घेऊन हलक्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर करावे लागले. खोल्या मजल्यावर चढवण्याचा मोठ्या भावाचा बेत कायमचा गेला. मजुरांचे तीन दिवसांचे रोज त्याने चर बुजवण्यासाठीही स्वतःच भरले. या नुकसानीची भरपाई त्याला कोणी दिली नाही. निखात निधीच्या कायद्यात वस्तूच्या मोबदल्याची तरतूद आहे, पण मोडलेल्या बेताची आणि पावसाळ्याची त्यात सोय नाही, आणि जमिनीखालच्या वारशाबद्दल बोलताना आम्ही अभ्यासक ही बाजू फार लवकर ओलांडून पुढे जातो असे मला वाटते.

चर कसा बुजवला तेही महत्त्वाचे आहे. विटांवर आणि उभ्या भिंतीला लागून आधी हिरवी शेडनेट अंथरली, तिच्यावर वीतभर चाळलेली नदीची वाळू, मग माती. वाळू टाकण्याआधी अधिकाऱ्यांनी मोठ्या भावाकडून त्या वर्षाचे एक नाणे मागून घेतले आणि ते जाळीवर ठेवायला त्यालाच सांगितले. पुढे कधी हा चर पुन्हा उघडला गेला, तर येथवर कोणी आणि केव्हा खणले होते हे त्या नाण्यावरून कळेल. नाणे ठेवताना माय जवळ उभी होती. तिने त्यावर चार अक्षता टाकल्या. कोणी हरकत घेतली नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या संध्याकाळचा फोन मी आज पुन्हा घेतला, तर दगड काढा असे सांगणार नाही. तो जेथे आहे तेथेच ओल्या मातीने आणि वर पोत्याने झाकून ठेवा, चरात उतरू नका, ताडपत्री बांधा आणि एका माणसाला रात्री जवळ झोपवा, असे सांगेन. पाऊस दगडाचे काही बिघडवत नव्हता, त्याने कैक शतकांचे पावसाळे जमिनीत काढले होते. भीती चोरीची होती, आणि तिच्यावर राखण हा उपाय होता. दगड हलवणे हा नव्हता.

दुसरी गोष्ट मातीची. टिकासाला जुनी वीट लागली त्या क्षणापासून निघणारी माती अंगणातच वेगळ्या ढिगात ठेवली असती, तर सहा पोत्यांवर ‘थर माहीत नाही’ असे लिहावे लागले नसते. हे मिस्त्री लोकांना सांगण्याजोगे आहे आणि ते समजून घेतात. या मिस्त्रीने आता परकोटाच्या आतल्या कोणत्याही कामावर दोन ढीग करायची सवय लावून घेतली आहे, आणि फोटो काढताना तो विटेशेजारी आपली फूटपट्टी ठेवतो.

तिसरी गोष्ट कुटुंबाच्या बाजूची. पाडकाम करण्याआधी हद्दीची आणि परवानगीची चौकशी झाली असती, तर उथळ जोत्याचा आराखडा पहिल्यापासून करता आला असता आणि पावसाळ्यात छप्पर गेले नसते. ही चौकशी त्यांनी केली नाही, कारण ती करायची असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. परकोटाच्या कुशीत राहणाऱ्या माणसांना दगड सापडल्यानंतर नियम ऐकवण्यापेक्षा, घर पडायला आले असताना हलके बांधकाम कसे करावे हे सांगणारा एखादा माणूस ओळखीचा असणे अधिक गरजेचे आहे. मी गेल्या दोन उन्हाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन परकोटालगतच्या गल्ल्यांत हेच सांगत फिरलो आहे.

विहाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुतण्या आणि त्याच्या मित्रांनी दगड पवनीतच ठेवता यावा म्हणून अर्ज केला आहे. तोवर त्यांनी त्या अर्ध्या कमळाचे मापानिशी रेखाटन करून विहाराच्या भिंतीवर लावले आहे, खाली ‘मूळ जागा : परकोटाच्या आत, पेवाच्या भरावात, बहुधा’ असे लिहून.

शेजारच्या घराच्या कोपऱ्यांवरचा तांबडा रंग दोन पावसाळ्यांनी फिका झाला होता. गेल्या दिवाळीला त्या घराला चुना लागत असताना माय काठी टेकत तेथे गेली आणि त्या दोन खुणा सोडून चुना मारायला तिने रंगाऱ्याला सांगितले. पुतण्याने ब्रश आणून त्या पुन्हा रंगवल्या.